बॅटमॅनची श्रीमंती गेली, पण नेमके बदलले काय?

धंतोलीकर

सर्वांना नमस्कार. मे महिन्यात दुपारी अकरानंतर घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसल्यामुळे कूलरसमोर बसून मी डीसी या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशनाच्या ‘ॲब्सोल्यूट’ मालिकांचे पहिले तीन संकलित खंड ओळीने वाचून काढले. बॅटमॅनचा ‘द झू’, वंडर वूमनचा ‘द लास्ट ॲमेझॉन’ आणि सुपरमॅनचा ‘लास्ट डस्ट ऑफ क्रिप्टन’ असे ते तीन खंड आहेत. ज्यांनी अद्याप वाचले नसतील त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, ऑक्टोबर २०२४ पासून डीसीने आपल्या नेहमीच्या विश्वाशेजारी हे दुसरे विश्व उभे केले आहे. ते डार्कसाइड या महाखलनायकाच्या शक्तीतून घडलेले असल्यामुळे तिथे नायकांच्या वाट्याला आयते काहीच येत नाही. बॅटमॅनला वाडा नाही आणि वारसाहक्काचा पैसाही नाही, वंडर वूमनला तिचे बेट नाही, आणि सुपरमॅन पृथ्वीवर तान्ह्या बाळाच्या रूपात न येता जाणत्या वयात येतो, त्यामुळे कॅन्ससच्या शेतावरचे बालपण त्याला मिळतच नाही.

माझी अडचण बॅटमॅनपाशी आहे. स्कॉट स्नायडर यांनी लिहिलेला आणि निक ड्रगॉटा यांनी रेखाटलेला हा ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, चोवीस वर्षांचा आहे, शहराच्या बांधकामांवर अभियंता म्हणून राबतो आणि मध्यमवर्गाहूनही खालच्या वस्तीत वाढलेला आहे. वडील थॉमस हे शाळामास्तर होते आणि मुलांची सहल घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले असताना तिथे झालेल्या गोळीबारात ते मारले गेले. इथपर्यंत सर्व ठीक आहे आणि वाचताना गळ्याशी काही दाटून येते, हेही मान्य करतो. मात्र रात्र झाली की याच पगारदार माणसाच्या छातीवरचे वटवाघूळ निघून त्याची कुऱ्हाड होते, शिरस्त्राणाचे कान सुऱ्या होतात, अंगावरची झूल जिवंत असल्यासारखी वळवळते आणि खाली एखाद्या इमारतीएवढे वाहन उभे असते. मग श्रीमंती गेली म्हणजे नेमके काय गेले? की नाटकातल्या राजाने फाटका सदरा घालून भिकाऱ्याचे सोंग आणावे, तसा हा केवळ वेशबदल आहे?

दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. दर महिन्याला एकच मालिका पुढे चालू ठेवण्याइतके पैसे मी बाजूला काढू शकतो. या तीनपैकी किंवा यांच्या बरोबरीने निघालेल्या इतर मालिकांपैकी कोणती निवडावी? ‘सगळ्याच छान आहेत’ हे उत्तर कृपया नको.


बर्डीचा जुना वाचक

धंतोलीकर, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. गरीब बॅटमॅन ही कल्पना नवी आहे, असे तुम्ही मानून चालला आहात. अमेरिकेतल्या वाचकाला ती नवी वाटली तर समजू शकतो. तुमच्या-माझ्या पिढीतल्या नागपूरकराला ती नवी वाटू नये.

आमच्या लहानपणी नागपुरात दोन भाषांतून अतिमानव येत असत. मराठीतून इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ यायचा आणि हे शहर मध्य प्रांताची जुनी राजधानी असल्यामुळे हिंदी इथे घरातलीच होती, म्हणून राज कॉमिक्सही येत. गल्लीतला दुकानदार दोरीवर अंक लटकवून ठेवायचा आणि रोजच्या भाड्याने द्यायचा. संध्याकाळी परत करायचा असल्यामुळे एक अंक तीन भाऊ एकाच वेळी वाचत असू आणि मधल्या भावाने पान उलटण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवलेला असे. त्या दोरीवर नव्वदच्या दशकात डोगा आला. कचऱ्याच्या ढिगात सापडलेले अनाथ मूल, डाकू हलकन सिंगच्या तावडीत वाढलेले, पुढे मुंबईत अदरक चाचाच्या व्यायामशाळेत घडलेले, तोंडावर कुत्र्याचा मुखवटा आणि हातात बंदूक. त्याच्याजवळ ना पैसा ना कुठली दैवी शक्ती. कमावलेले शरीर आणि न विझणारा राग, एवढेच त्याचे भांडवल होते. ‘द झू’ वाचताना मला पानोपानी डोगाच आठवत होता आणि स्नायडर यांनी तो वाचला असण्याची सुतराम शक्यता नसल्यामुळे हे साम्य मला अधिकच गमतीचे वाटले.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. हत्यारे कुठून आली, हा प्रश्न आपण वेताळाला कधी विचारला नाही. कवटीच्या गुहेत खजिन्याच्या खोल्या होत्या, पण तो त्या संपत्तीच्या जोरावर लढतो असे कुणाला वाटले नाही. बॅटमॅनच्या बाबतीत मात्र गेल्या काही वर्षांत वाचकांनी हा हिशेब फार ताणून धरला आहे. अब्जाधीशाने रात्री गरिबांना बडवण्यापेक्षा दिवसा शाळा काढाव्यात, हे वाक्य इतक्या वेळा ऐकू आले आहे की लेखकाला त्याचे उत्तर देणे भाग पडले असावे. त्याने दिलेले उत्तर धीट आहे. त्याने श्रीमंती कथेतून घालवली नाही, ती बॅटमॅनचा कट्टर शत्रू जोकर याच्या घरी नेऊन ठेवली. जगभर फिरून शिकलेला, अमर्याद पैशाचा धनी असलेला आणि कधीही न हसणारा माणूस आता जोकर आहे. हा बदल तुम्ही तुमच्या प्रश्नात धरलेलाच नाही आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

तक्रारही नोंदवतो. ब्लॅक मास्क या खलनायकाची प्राण्यांचे मुखवटे घातलेली टोळी मला फार उथळ वाटली. शहर पेटवणारी माणसे कुठून येतात आणि का येतात हे सांगण्याऐवजी लेखकाने त्यांना मारण्याजोगे पुतळे करून ठेवले आहे. गरिबीवर कथा लिहायची आणि गुंड मात्र बिनचेहऱ्याचे ठेवायचे, हे पटत नाही.


ओव्हरसियर

मी स्थापत्य अभियंता असल्यामुळे फक्त वाहन आणि हत्यारे यांपुरतेच बोलतो.

शहराची कामे करणाऱ्या माणसाकडे पैसा नसतो, पण किल्ल्या असतात. कोणत्या पुलाच्या पोटात तपासणीची वाट आहे, कोणत्या तळघराचा नकाशा कार्यालयात एक आणि प्रत्यक्षात दुसराच आहे, कोणते यंत्र काम संपल्यावरही महिनोन्महिने जागेवर उभे राहते, हे त्याला माहीत असते. आपल्या वर्धा मार्गावरच्या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलाखालून रोज हजारो लोक जातात. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, एवढेच त्यांना दिसते. त्या पुलावर काम केलेल्या माणसाला तोच पूल आतून दिसतो. नव्या ब्रूसचे वाहन हे मुळात बांधकामावरच्या अजस्र डंपरचे भावंड आहे, कुठल्या श्रीमंताच्या गाड्यांच्या ताफ्यातून आलेले नाही, आणि चित्रकाराने त्याची घडण तशीच जाडजूड, वेल्डिंगच्या खुणा वाटाव्यात अशी ठेवली आहे. छातीवरची कुऱ्हाडही हत्यार कमी आणि अवजार जास्त आहे.

वळवळणाऱ्या झुलीचे समर्थन मात्र माझ्याकडे नाही. ती कोणत्याही निविदेत बसणार नाही.


रंगरेषा

आतापर्यंतच्या तिन्ही प्रतिक्रियांत कथेचीच चर्चा झाली आणि चित्रांचा उल्लेख वाहनापुरताच आला, याचे मला आश्चर्य वाटते. मी शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे ही बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून सविस्तर लिहिते आहे, लांबल्यास क्षमा असावी.

ड्रगॉटा यांची पाने आधी पाहा. ते एकाच पानावर पुष्कळ बारीक चौकटी रचतात, इतक्या की डोळ्याला धाप लागावी, आणि मग पान उलटल्यावर अचानक एकच आकृती सगळी जागा व्यापून उभी राहते. या ब्रूसचा देह माणसाच्या मापाच्या पलीकडे का नेला आहे, असा आक्षेप माझ्या एका विद्यार्थ्याने घेतला होता. त्याचे उत्तर या रचनेत आहे. छोट्या चौकटी म्हणजे त्याचा दिवस, त्याची नोकरी, अरुंद खोल्या, हिशेबाने घालवलेली मिनिटे. त्या चौकटीत तो मावत नाही, खांदे कडेला घासतात, मान वाकवावी लागते. रात्रीच तो आपल्या मापाच्या पानात येतो. धंतोलीकर, गरिबी तुम्ही मजकुरात शोधत होतात, ती या पानांच्या मांडणीत आहे. फ्रँक मार्टिन यांचे रंगही याच बाजूने काम करतात. त्यांचे दिवस मळकट आहेत आणि रात्रींना मात्र धार आहे.

तरीही तिन्ही खंडांत चित्रकलेच्या दृष्टीने वंडर वूमनचा खंड मला कितीतरी सरस वाटला. केली थॉम्पसन यांचे लेखन, हेडन शर्मन यांची रेखाटने आणि जॉर्डी बेलेअर यांचे रंग यांची अशी भट्टी जमली आहे की २०२५ चा सर्वोत्कृष्ट नव्या मालिकेचा आयसनर पुरस्कार, कॉमिक्समधला मानाचा सन्मान, या मालिकेला मिळाला, याचे नवल वाटत नाही. शर्मन चौकटीला चौकोन मानतच नाहीत. कधी चौकटी मंत्रवर्तुळासारख्या फिरतात, तर कधी दोराच्या वेटोळ्यातून प्रसंग उलगडतो. नवशिक्याने असे केले तर वाचक हरवतो. इथे नजर कुठून कुठे जाईल याचा अंदाज इतका पक्का आहे की अवघड पानही एकदाच वाचून कळते.

यातल्या अजस्र राक्षसाबद्दल, टेट्रासाइडबद्दल, एक सांगायलाच हवे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते, तेव्हा लहान मूल तिला कशी पाहते ते आठवा. मारबत कधी अखंड दिसत नाही. आधी ढोल ऐकू येतात, मग गर्दीच्या डोक्यांवरून एक हात सरकतो, मग छपराच्या वर चेहऱ्याचा अर्धा भाग येतो, आणि ती पुढे निघून गेल्यावरच तिच्या आकाराचा अंदाज येतो. शर्मन यांचा राक्षस असाच दाखवला आहे. तो कुठल्याही एका चौकटीत पूर्ण येत नाही, इमारतींच्या फटींतून तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि म्हणून त्याची भीती वाटते. पूर्ण दाखवलेला राक्षस कितीही मोठा काढला तरी तो अखेर कागदाएवढाच राहतो, हे मी वर्गात मुलांना सांगत असते. आता उदाहरणही मिळाले.

कथेबद्दल एकच मुद्दा मांडते. ही डायना, म्हणजे वंडर वूमन, तान्ही असताना ॲमेझॉन या योद्ध्या स्त्रियांपासून तोडून नरकात सर्सी या चेटकिणीच्या ओटीत टाकलेली आहे आणि ‘ॲमेझॉन’ हा शब्दसुद्धा तिच्यासाठी निषिद्ध आहे. इतके सोसून ती कडवट व्हायला हवी होती. ती तशी होत नाही. सांगाड्याच्या घोड्यावर बसून भलीमोठी तलवार घेऊन येणारी ही बाई समोरच्याशी बोलताना मात्र विलक्षण सौम्य आहे, आणि स्टीव्ह ट्रेव्हर या सैनिकाला नरकातून परत धाडण्यासाठी ती स्वतःचा हात देते, तोही फारसा गाजावाजा न करता. बॅटमॅनकडून जे काढून घेतले त्याची भरपाई लेखकाने शरीराने आणि हत्यारांनी केली. डायनाकडून जे काढून घेतले ते तिच्या वागण्यात उतरले आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर म्हणून वंडर वूमन.

एक पुरवणी. डेनिझ कॅम्प आणि हाविएर रॉड्रिगेझ यांची ‘ॲब्सोल्यूट मार्शन मॅनहंटर’ ही मालिका मार्च २०२५ मध्ये सुरू झाली. एका स्फोटातून वाचलेला तपास अधिकारी आणि त्याच्या मनात शिरलेले परग्रहावरचे अस्तित्व, अशी ती गोष्ट आहे. तिथे माणसांचे विचार रंगीत धुरासारखे अंगातून निघताना दिसतात. रंग म्हणजे रेषांच्या आत भरायची वस्तू, असे ज्यांना वाटते त्यांनी ती मालिका जरूर पाहावी. तिला अतिमानवाची कथा म्हणावे की नाही, यावर मात्र दोन मते होऊ शकतील.


खाणवस्ती

सुपरमॅनच्या खंडाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. माझे वडील कोळसा खाणीत होते आणि माझे शालेय शिक्षण उमरेडकडच्या वस्तीत झाले. जेसन आरन लिखित आणि राफा सँडोवाल चित्रित या मालिकेची सुरुवात ब्राझीलमधल्या एका खाणीत होते, हे वाचूनच मी तो खंड घेतला होता.

अनेकांनी या मालिकेवर असा ठपका ठेवला की सुपरमॅनला उगाच राजकारणात ओढले. क्रिप्टन या त्याच्या जन्मग्रहावर कष्टकऱ्यांचा वेगळा वर्ग दाखवला, छातीवरचे चिन्ह त्या वर्गाशी जोडले, पृथ्वीवर लाझरस नावाची बलाढ्य कंपनी आणि तिचे भाडोत्री सैनिक आणले, एरवी पत्रकार असलेल्या लोइस लेनलाही त्याच कंपनीच्या चाकरीत दाखवले. माझे म्हणणे एवढेच की हा ठपका ठेवणाऱ्यांनी मूळ सुपरमॅन वाचलेला नाही. जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो अवतरला आणि तिसऱ्याच अंकात, म्हणजे ऑगस्ट १९३८ मध्ये, तो चक्क कोळशाच्या खाणीत उतरला होता. खाणीत अपघात होतो, कोबर नावाचा परदेशातून आलेला एक कामगार अडकतो आणि जन्माचा अपंग होतो. मालकाला त्याचे सोयरसुतक नसते. मग सुपरमॅन खाणकामगाराच्या वेशात जातो, मालकाच्या घरी रंगलेली मेजवानीच पाहुण्यांसकट खाली खाणीत नेतो आणि वाट कोसळवून त्यांना तिथे अडकवतो. रेशमी कपड्यांतली माणसे फावडी घेऊन खणू लागतात आणि सुरक्षेची व्यवस्था निकामी पडली आहे हे मालकाला पहिल्यांदा स्वतःच्या जिवावर बेतल्यावर कळते. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी ही गोष्ट महामंदीच्या झळा सोसलेल्या अमेरिकेत लिहिली. त्यामुळे आरन यांनी सुपरमॅन बिघडवला असे मी मुळीच म्हणणार नाही, त्यांनी त्याला त्याच्या पहिल्या वर्षात परत नेला आहे.

आता उलट बाजू. त्या सत्त्याऐंशी वर्षांपूर्वीच्या ओबडधोबड कथेत एका कामगाराला नाव होते, बायकामुलांची काळजी होती आणि खाटेवर पडून बोलण्याची संधी होती. नव्या खंडातली खाण त्याहून शतपट सुंदर काढली आहे, पण पुस्तक मिटल्यावर मला त्या खाणीतल्या एकाही माणसाचा चेहरा आठवला नाही. आठवतो तो फक्त सुपरमॅनचा लाल धुळीचा झगा, जो कापडाचा नसून धुळीच्या लोटासारखा त्याच्यामागे उठतो. तो झगा मात्र मी विसरणार नाही. वडील पाळीवरून घरी आले की दारातच सदरा झटकायचे, आणि आई आतून ओरडायची की धूळ घरात आणू नका. धूळ अंगावर मिरवणारा नायक मी प्रथमच पाहिला.

खरेदीचा सल्ला विचाराल तर सुपरमॅनचा पुढचा खंड मी घेणार आहे, पण तुम्ही तो ग्रंथालयातून किंवा मित्राकडून मागून वाचावा. पैसे खर्चायचे तर ताईंनी सांगितलेली वंडर वूमनच योग्य.


गोकुळपेठची वाचनवेडी

सगळेजण पैशाचा हिशेब मांडत आहेत म्हणून थोडक्यात वेगळा मुद्दा मांडते. ‘द झू’मध्ये सर्वांत मोठा बदल श्रीमंतीचा नाहीच. ब्रूसची आई जिवंत आहे.

नेहमीचा ब्रूस रात्रभर गच्चीवर उभा राहू शकतो, कारण ‘जेवलास का’ असे विचारणारे त्याचे रक्ताचे कुणी नाही. आल्फ्रेड काळजी करतो, पण तो अखेर पदरी असलेला माणूस आहे. इथे तर आल्फ्रेडही पदरी नाही, तो गुप्तहेर म्हणून त्याच्यावर पाळत ठेवायला आलेला आहे. मार्था जिवंत असल्यामुळे प्रत्येक जखमेला कारण शोधावे लागते, प्रत्येक उशिराला खोटे बोलावे लागते. सूड घेणारा अनाथ आणि आईपासून काहीतरी लपवणारा मुलगा, ही दोन निराळी माणसे आहेत. त्यात भर म्हणून वेलन, ऑस्वल्ड, हार्वी आणि एडवर्ड हे त्याचे लहानपणापासूनचे जिवलग मित्र आहेत. नेहमीच्या विश्वात ही नावे बॅटमॅनच्या शत्रूंची आहेत हे वाचकाला माहीत असल्यामुळे पत्ते खेळतानाच्या त्यांच्या साध्या गप्पासुद्धा धास्तीने वाचाव्या लागतात.

मार्व्हलकडेही जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांनी ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ सुरू केला तेव्हा हेच केले होते. पीटर पस्तिशीच्या आसपासचा आहे, मेरी जेनशी त्याचे लग्न झालेले आहे, दोन मुले आहेत, बेनकाका जिवंत आहेत आणि मेकाकू गेलेल्या आहेत. कोळ्याची शक्ती त्याला संसार मांडल्यावर मिळते. तिथेही पैशाला कुणी हात लावलेला नाही, घरातली माणसे तेवढी हलवली आहेत. रंगरेषाताईंनी डायनाबद्दल जे लिहिले तेही याच जातीचे आहे, कारण तिथे आई काढून घेऊन सर्सीला आईच्या जागी बसवले आहे.


बर्डीचा जुना वाचक

वाचनवेडी ताईंचा मुद्दा मला मनापासून आवडला, तरी दोन ठिकाणी हरकत घेतो.

पहिली हरकत इतिहासाची आहे. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २७ मध्ये बॉब केन आणि बिल फिंगर यांचा बॅटमॅन पहिल्यांदा आला, तेव्हा शेवटच्या चौकटीत कळते ते एवढेच की हा मुखवट्यातला माणूस म्हणजे कंटाळलेला श्रीमंत तरुण ब्रूस वेन आहे. आईवडिलांच्या खुनाची गोष्ट त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, अंक ३३ मध्ये सांगितली गेली. म्हणजे छापील क्रमाने पाहिले तर श्रीमंती आधी आली आणि अनाथपण सहा महिन्यांनी. आज आपण दुसऱ्याला मूळ मानतो आणि पहिल्याला अलंकार. धंतोलीकरांना श्रीमंती गेल्याने चुकल्यासारखे वाटते, ते अगदीच निराधार नाही.

दुसरी हरकत अशी की मार्थाला जिवंत ठेवण्याचा प्रयोग आधी झालेला आहे. डीसीच्याच २०११ च्या ‘फ्लॅशपॉइंट’ या कथेमध्ये ब्रूस मरतो, थॉमस बॅटमॅन होतो आणि मार्था जोकर होते. तिथे तो धक्का होता, एकदाच वापरून संपणारा. रोजच्या संसारात आई जिवंत असणे ही त्यापेक्षा अवघड गोष्ट आहे, कारण तिच्यासाठी दर महिन्याला काहीतरी लिहावे लागते. स्नायडर यांना ते किती अंक जमते ते पाहायचे. पहिल्या सहा अंकांत मार्थाच्या वाट्याला आलेली पाने मला कमी वाटली.


धंतोलीकर

सर्वांचे आभार. काही गोष्टी मान्य करतो आणि काही करत नाही.

रंगरेषाताईंनी सांगितल्यावर मी ‘द झू’ पुन्हा उघडला आणि फक्त चौकटी पाहत गेलो. दिवसाच्या प्रसंगांत ब्रूसचे डोके चौकटीच्या वरच्या कडेला किती वेळा टेकलेले आहे ते मोजू लागलो आणि मोजणे अर्ध्यावर सोडले. हे मला पहिल्या वाचनात दिसले नव्हते, ही माझीच चूक. ओव्हरसियर यांचा किल्ल्यांचा मुद्दाही पटला. परवा वर्धा मार्गाने जाताना त्या दुमजली पुलाच्या खांबांकडे पाहत राहिलो आणि मागच्या ऑटोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

जोकरकडे श्रीमंती दिली म्हणून प्रश्न सुटला, हे मात्र मला पटत नाही. त्यामुळे श्रीमंत तो दुष्ट आणि कष्टकरी तो सज्जन अशी सरळ वाटणी होते आणि खाणवस्ती यांनी सुपरमॅनच्या खंडाबद्दल जे म्हटले तेच इथेही लागू पडते. बिनचेहऱ्याचे गुंड आणि बिनचेहऱ्याचे कामगार ही एकाच नाण्याच्या दोन बाजूंची चित्रे आहेत. वाचनवेडी यांचा आईचा मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटला. मी गरिबी पैशात मोजत होतो, आणि ‘द झू’चा ब्रूस नेहमीच्या ब्रूसपेक्षा माणसांच्या बाबतीत अधिक श्रीमंत आहे, हे माझ्या लक्षातच आले नाही. आई आहे, चार मित्र आहेत, गमावण्याजोगे बरेच आहे. मग पुढच्या खंडांत लेखक त्यातले काय काय काढून घेणार, या विचारानेच मला पुढचा खंड उघडायची भीती वाटते आहे, आणि कदाचित म्हणूनच मी तो आधी घेणार नाही.

खरेदीचे ठरले. वंडर वूमनचा दुसरा खंड आजच मागवला.


बर्डीचा जुना वाचक

मागवताना पुस्तकाचे नाव नीट पाहिलेत ना? डीसीच्याच ‘ॲब्सोल्यूट एडिशन’ नावाच्या मोठ्या आकाराच्या, जाड पुठ्ठ्याच्या पेटीतल्या आवृत्त्या गेली वीसेक वर्षे निघत आहेत. त्यात जुन्या कथा असतात आणि किंमत साध्या खंडाच्या कितीतरी पट असते. या नव्या मालिकांशी त्यांचा नावापलीकडे काहीही संबंध नाही. शोधयादीत दोन्ही शेजारी-शेजारी येतात.


धंतोलीकर

आपला निरोप वाचून मागणी तपासली. पेटीच मागवली होती. मोबाइलवर मुखपृष्ठ अंगठ्याएवढे दिसत होते आणि किमतीकडे मी ‘आयात केलेले पुस्तक आहे, असेल एवढी’ म्हणून पाहिलेच नव्हते. रद्द केली आहे. आता साधा खंड मागवला, आणि उरलेल्या पैशांत मार्शन मॅनहंटरचा पहिलाही.